मदत हवी आहे: गेमच्या स्कोअरवर किती भरोसा ठेवाव?

राजेहो, एक सांगा. मी दारव्ह्याकडच्या खेड्यात राहतो, नेट रात्रीच जरा बरं चालते, मोठा गेम उतरवाले लय वेळ जाते म्हणून घ्यायच्या आधी मेटाक्रिटिकचा (बऱ्याच रिव्ह्यूवाल्यांच्या मार्कांची १०० पैकी सरासरी देणारी साइट) आकडा पाहतो. पण आता त्यावरचाच भरोसा उडाला. सायबरपंक २०७७ या गेमले डिसेंबर २०२० मध्ये पीसीवर ८६ भेटले, 'विचर' हा गाजलेला गेम बनवणाऱ्यांचा म्हणून सगळे आधीच खुश, अन् रिलीजआधी रिव्ह्यूले पीसीचीच कॉपी देल्ली होती, पीएस४ वर (सोनीच्या गेमच्या मशीनवर) तर इतका फसला की सोनीनं स्टोअरमधूनच काढून टाकला! उलट फॉलआउट न्यू वेगास (२०१०) ८४ वर अडकला, बनवणाऱ्यांचा बोनस ८५ वर होता, एका मार्कानं गेला. बग होतेच म्हणा, पण आज कित्येक जण त्यालेच सिरीजमधला भारी म्हणतात.

अन् एल्डन रिंगसारखा नावाजलेला गेम कठीण तर वाहवा, तेच बिननावाच्या गेमात मार्क कापतात, काहून?

मले ओपन वर्ल्ड आरपीजी (मोकळ्या जगात कुठंही फिरून आपलं पात्र वाढवायचा गेम) घ्यायचा आहे, लॅपटॉप साधाच. तुम्ही स्कोअर पाहता का रिव्ह्यू पूर्ण वाचता? नावावर न भाळणारा, हिंदी-मराठीत बोलणारा कोणी रिव्ह्यूवाला असन तर सांगा भाऊ.