घेणारे तयार होते, तरी परत पाठवले. यात टाळ्या कसल्या?

खाडीकाठचा (कळवा)
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचार टाकणाऱ्या एका काकांनी परवा लिहिलं, "थायलंडने चाळीस उइगुरांना विमानात घालून चीनला रवाना केलं होतं. असा कणखरपणा आपल्याकडे हवा. ज्याचा माणूस त्याच्या घरी, विषय संपला." खाली अंगठ्यांची रांग. तिथे तोंड उघडलं तर पार्किंगचे जुने हिशेब निघतात, म्हणून इथे लिहितोय.

विषय संपला? अहो, उइगुर म्हणजे चीनच्या शिनजियांगमधले मुस्लिम. छळातून पळून आलेली ही माणसं २०१४ पासून थायलंडच्या कोठडीत होती. निघाली होती तुर्कस्तानला. २०१५ मध्ये तुर्कस्तानने त्यांच्यातली बायकामुलं घेतली, दीडशेच्या वर. त्याच सुमारास १०९ जणांना डोक्यावर काळ्या पिशव्या चढवून चीनला पोचवलं. उरलेले बँकॉकच्या कोठडीत सडले आणि २७ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे, खिडक्या झाकलेल्या गाड्यांतून, त्यांच्यातल्या चाळीस जणांचीही पाठवणी झाली. अमेरिका आणि कॅनडा त्यांना ठेवून घ्यायला तयार होते, ही बातमी नंतर रॉयटर्सने दिली. म्हणजे थायलंडला कुणी "जन्मभर पोसा" म्हणत नव्हतं. फक्त दुसऱ्या विमानात बसवायचं होतं. छळ होण्याची भीती असेल तिथे कुणाला धाडू नये, असा थायलंडचा स्वतःचाच २०२२ चा कायदा आहे. स्वतःचा कायदा मोडण्यात कणखरपणा कुठला?

घोडबंदर_त्रस्त
निबंध छान. आता व्यवहाराचं बोलू. थायलंडचे परराष्ट्र खात्याचे लोक स्पष्ट म्हणाले की तिसऱ्या देशात पाठवलं असतं तर चीनने वचपा काढला असता. चीन एवढा जवळ असताना पर्यटन आणि व्यापार बुडाला तर भरपाई तुम्ही कळव्यातून देणार का?

आणि अमेरिकेच्या तयारीचं कौतुक मला सांगू नका. ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगात बावीस उइगुर त्यांनीच डांबले होते. निर्दोष ठरल्यावर एकालाही आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही. पाच अल्बानियाला, चार बर्म्युडाला, सहा पलाऊला, शेवटचे तीन २०१३ मध्ये स्लोव्हाकियाला, असे वाटून टाकले. जानेवारी २०२५ मध्ये तर त्यांनी निर्वासित घ्यायचा अख्खा कार्यक्रमच थांबवला. मग फेब्रुवारीत हे चाळीस कुठल्या दाराने आत जाणार होते?

खाडीकाठचा
दाराचा मुद्दा बिनतोड आहे, पण कॅनडाचं नाव तुम्ही सोयीने गाळलंत. आणि ती पलाऊची गोष्ट माझ्याच बाजूची आहे. पलाऊची लोकसंख्या वीस हजारही नाही, आपल्या हिरानंदानीच्या टॉवरांत मावेल. त्यांनी सहा घेतले. चीन काही पलाऊ गिळून बसला नाही.

उलव्याचा_भूमिपुत्र
पुनर्वसनाचं नाव आमच्यासमोर काढू नका. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणची ९५ गावं घेतली. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीतली मासेमारी गेली. १९८४ ला जासईत गोळ्या झाल्या, पाच जण गेले, तेव्हा कुठे दि. बा. पाटलांच्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत द्यायची योजना आली. माझ्या बापाने एका सरकारी कार्यालयाचे जिने चढून चप्पल झिजवली. प्लॉट हातात आला तेव्हा त्याला दिसत नव्हतं, मी त्याचा हात धरून हद्दीचे दगड दाखवले. तुम्हाला बँकॉकवाल्यांचा कळवळा. आमची गावठाणं अजून अनधिकृत!

घोडबंदर_त्रस्त
शंभर टक्के सहमत. आधी घरचं बघा.

कॅम्प_चारची_नात
भूमिपुत्र दादा, राग समजतो. पण माझे आजोबा कराचीहून बोटीने आले तेव्हा त्यांनाही कुणीतरी "आधी घरचं बघा" म्हटलंच असेल. कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या बराकींत लाखभर सिंधी उतरले. तेच आजचं उल्हासनगर, पत्ता सांगताना अजून कॅम्प नंबरच सांगतो आम्ही. बराकीत दोन कुटुंबांच्या मध्ये गोणपाटाचा पडदा होता. पलीकडच्या घरात कुणी खोकलं की आजी अलीकडून हळदीचं दूध सरकवायची. त्यांना तेव्हा कराचीला परत पाठवलं असतं तर?

उलव्याचा_भूमिपुत्र
तुम्हाला बराक तरी फुकट मिळाली ताई. आमची तर जमीन घेऊन वर आम्हालाच अतिक्रमणाची नोटीस.

कॅम्प_चारची_नात
फुकट?? घरदार, दुकान सोडून आले ते! काहीही काय लिहिता!

घोडबंदर_त्रस्त
सिंधी आपलेच होते, फाळणीचा विषय वेगळा. आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, हे लक्षात असू द्या.

खाडीकाठचा
सही थायलंडचीही नाही. आणि १९५९ मध्ये दलाई लामांबरोबरचे तिबेटी कुठल्या सहीवर आत घेतले? तेव्हाही चीन नाराज होताच ना?

अनघा_वाशी
दोघेही एकेका देशावरून भांडताय. जगातल्या निर्वासितांपैकी एक टक्क्यालाही तिसऱ्या देशात जागा मिळत नाही. त्या रांगेत नंबर लागला तरी सुटका झाली असं नाही. भूतानने हाकललेले नेपाळी भाषक वर्षानुवर्षं नेपाळच्या छावण्यांत होते. २००७ नंतर त्यातले लाखाहून जास्त परदेशी वसवले, बहुतेक अमेरिकेत. जगभर याचा आदर्श म्हणून गवगवा झाला. आणि २०२५ मध्ये अमेरिकेने त्यातल्याच काहींना गुन्ह्यांचं कारण देऊन भूतानला परत धाडलं. भूतानने उतरवून घेतलं आणि भारताच्या सीमेवर नेऊन सोडलं. तिथून काहीजण पुन्हा नेपाळच्या त्याच छावणीत. "ज्याचा माणूस त्याच्या घरी" म्हणणाऱ्या काकांना विचारा, यांचं घर कुठलं?

घोडबंदर_त्रस्त
गुन्हा केला तर पाठवणारच ना.

अनघा_वाशी
शिक्षा भोगून झालेल्यांनाही? आणि ज्या देशाने नागरिकत्वच काढून घेतलं, त्याच देशाकडे?

घोडबंदर_त्रस्त
बरं बाई, भूतानचं गणित चुकलं. चाळीस जण कॅनडाला गेले असते तर माझ्या खिशातून दमडी गेली नसती, हेही लिहून घ्या आणि फ्रेम करून लावा. पण उद्या हेच सगळे घोडबंदर रोडवर राहायला आले तर पाण्याचा टँकर कोण मागवणार?

खाडीकाठचा
टँकर तर तुम्ही आत्ताही मागवताच की. उइगुर नसताना.

उलव्याचा_भूमिपुत्र
ते जाऊ द्या. ताई, तुमच्या बराकीची सनद झाली का? कुणाच्या नावावर?

कॅम्प_चारची_नात
आजोबा गेल्यावर बाबांच्या नावावर. का?

उलव्याचा_भूमिपुत्र
म्हणजे तुमचेही आजोबा बघायला नव्हते. तरी फुकट मिळाली हे मी मागे घेत नाही. वकील कोण होता तेवढं सांगा, आमच्या गावठाणाची फाईल अजून अडकलीय.