'पुएब्लो'ला मराठीत काय म्हणावं?

अबोली
व्हेनेझुएलातलं काराकास सोडून माद्रिदला आलेल्या एका बाईंची मुलाखत दिवाळी अंकासाठी भाषांतरित करते आहे. एका वाक्यावर तीन दिवस अडले आहे. ह्यूगो चावेस १९९८ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले, त्या दिवसांबद्दल त्या म्हणतात, "तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, मी पुएब्लो आहे. आणि माझी सख्खी बहीण नाही." पुएब्लो म्हणजे स्पॅनिशमध्ये लोक. मी 'जनता' लिहून पाहिलं. पण 'मी जनता आहे' असं कुणी बोलतं का? 'मी लोक आहे' तर नाहीच. संपादकांना शीर्षकात 'लोकानुनय' हवा आहे, पण बाईंच्या बोलण्यात अनुनय कुठेच सापडत नाही.

अनुस्वार
लोकानुनय ठेवा. रोज छापून येणारा शब्द आहे. अनुनय म्हणजे मनधरणी, मतदारांची मनधरणी करणारं राजकारण. 'लोकरंजन' हाही चांगला, आणि जुना. रंजन करतो तो राजा, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे पूर्वापार सांगतात.

बखर
पूर्वापार सांगतात म्हणून ती खरी ठरत नाही. 'राजन्' हा लॅटिनमधल्या 'रेक्स'चा भाऊबंद, रंजनाशी त्याचं नातं नाही. सरळ 'लोकवाद' का नको?

अनुस्वार
कारण वाचक त्याचा अर्थ लोकशाहीवाद असा घेईल.

पेट्रोलपाणी
२००९ ते २०११ मी पुएर्तो ला क्रूसला तेलाच्या कामावर होतो. मनधरणी दिसायची: 'मेर्काल'च्या दुकानात स्वस्त धान्य, वस्तीत फुकट दवाखाना. पण घराघरांत जी भाषा शिरली होती ती आपले आणि परके अशा वाटणीची होती. विरोधकांना चावेस 'एस्क्वालिदो' म्हणायचे, म्हणजे किडकिडीत, मरतुकडे. पुढे विरोधकच ते नाव मिरवायला लागले.

आमच्या ड्रायव्हरच्या घरी मी रविवारी जेवायला जात असे. टीव्हीवर 'आलो प्रेसिदेन्ते' चालू असायचं. चावेस स्वतःच तो कार्यक्रम चालवायचे, तासन्‌तास. ड्रायव्हरची आई तव्यावर अरेपा उलटता उलटता आवाज वाढवायची, आणि धाकटा मुलगा ताट उचलून मागच्या अंगणात जायचा. भांडण नाही, शब्द नाही. सगळे त्याला 'आमचा एस्क्वालिदो' म्हणायचे, प्रेमानंच म्हणायचे, पण त्याला हसताना मी कधी पाहिलं नाही.

आणखी एक शब्द सांगतो. २००६ साली तेलमंत्री राफाएल रामिरेस यांनी सरकारी तेलकंपनीतल्या लोकांना सुनावलं होतं की ही कंपनी 'रोहा, रोहिता' आहे. रोहा म्हणजे लाल, चावेसांच्या बाजूचा रंग. रोहिताला मी 'लालचुटुक' म्हणेन. लाडाचा प्रत्यय लावून दिलेली तंबी होती ती. मी होतो तेव्हाही कचेरीत लाल सदरा घालून येणारे आणि न घालणारे लगेच मोजता येत.

कातळ
अबोलीताई, पुएब्लोचा दुसरा अर्थ गाव ना? मग 'गाव'च घ्या. गाव म्हणजे आपल्याकडे नुसती घरं कधीच नव्हती. अख्खा गाव लोटला, गाव जेवला, गाव करी ते राव काय करी. शिवाय गाव ज्याला आपलं मानत नाही त्याला वाळीत टाकतो. त्या बहिणीचं तेच झालं.

अनुस्वार
काराकास केवढं मोठं शहर आहे! तिथली बाई 'मी गाव आहे' म्हणते, हे वाचकाच्या पचनी पडणार नाही. आणि गाव नपुंसकलिंगी. अख्खं गाव लोटलं.

कातळ
आमच्या कोकणात तो 'तो'च आहे. प्रमाणभाषेनं कधीतरी आमच्याकडेही यावं.

बखर
'रयत' सुचवणार होतो, पण ते अरबी, आणि मुळात राखणीतला कळप. तिकडे अगदी उलट होतं. १९९९च्या घटनेत सार्वभौमत्व पुएब्लोच्या ठायी आहे असं कलमच आहे आणि लोकांना 'एल सोबेरानो' म्हणजे सार्वभौम म्हणायची पद्धत पडली. 'मायबाप जनता'?

निशिगंध
मला 'लोकानुनय' हा शब्दच खटकतो. माडीवरून खाली बघत काढलेला आहे. २००३ साली 'बार्रियो आदेंत्रो' सुरू झालं तेव्हा डोंगरउतारावरच्या वस्त्यांत क्युबाचे डॉक्टर येऊन राहिले. नावाचा अर्थच 'वस्तीच्या आत'. ज्यांच्या दारात कधी डॉक्टर आला नव्हता त्यांना त्यात मनधरणी दिसली नसेल, आपला हक्क दिसला असेल. आपल्याकडेही गरिबाला काही मिळालं की लगेच 'खिरापत वाटली' म्हणतात.

बखर
खिरापत 'खैरात'वरूनच आली असावी.

कातळ
मला तर त्यात खीर दिसते. आम्ही भोंडल्याला डबा हलवून खिरापत ओळखायचो.

अबोली
निशिगंध, बाईंनी डॉक्टरबद्दल अगदी हेच सांगितलंय, आणि ते मी कापणार नाही. पण पुढचंही ऐका. २००४मध्ये चावेसांना पदावरून काढण्यासाठी सार्वमत झालं. त्याच्या मागणीवर बहिणीची सही होती. सह्या करणाऱ्यांची यादी लुइस तास्कोन नावाच्या खासदारानं जाहीर केली आणि बहिणीची नोकरी गेली. आईच्या वाढदिवसाला दोघी एका खोलीत आल्या नाहीत. बाई म्हणतात, "तिनं सही केली, हे मला यादीतून कळलं." इथे 'सही' हा शब्द मराठीत इतका नेमका बसतो की मला काही करावंच लागलं नाही.

आणि २०१६पासूनची खोकी. 'क्लाप' या सरकारी योजनेचं खोकं: तांदूळ, पास्ता, डाळ, तेल, दूधपावडर. वस्तीतली समिती यादी ठेवणार, कुणाच्या दारात खोकं जाणार ते तिला माहीत. त्याला खिरापत म्हणवत नाही मला. खिरापत सगळ्यांच्या हातावर पडते.

आता दुसरी अडचण. बाई म्हणतात, "शेवटी मीही बाचाकेरा झाले." कोशात 'काळाबाजारवाली' सापडलं.

पेट्रोलपाणी
बाचाको म्हणजे तांबूस मोठी मुंगी, पानं कापून डोक्यावर घेऊन रांगेनं जाणारी. सरहद्दीवरून कोलंबियात माल वाहणाऱ्यांना आधी हे नाव पडलं. मग टंचाईत, सरकारी भावाचं सामान रांगेत उभं राहून घ्यायचं आणि चढ्या भावानं विकायचं, असं करणाऱ्या सगळ्यांनाच. २०१५च्या सुमारास ओळखपत्राचा शेवटचा आकडा बघून वार ठरायचा, दुकानात बोटाचा ठसा घेत. मी तेव्हा परतलो होतो, पण ड्रायव्हर फोनवर सांगायचा, "आज माझ्या आकड्याचा वार."

बखर
मग 'मुंगळा'! गुळाला मुंगळे लागतात तसे.

अनुस्वार
मुंगळा काळा असतो. तांबूस म्हणताहेत ना?

कातळ
घाटावर डोंगळा म्हणतात तो वेगळा की तोच? आमच्याकडे आंब्यावरची तांबडी ती ओंबील.

पेट्रोलपाणी
गुळाचा मुंगळा नको. तो जागच्या जागी खातो. बाचाको पान खातच नाही, वारुळात नेते, त्यावर बुरशी वाढते आणि सगळं वारूळ त्यावर जगतं.

अबोली
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. बाईंनी मक्याच्या पिठाची दोन पाकिटं विकून आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या होत्या. गोळ्या बहिणीनं माद्रिदहून धाडायच्या, त्या महिन्यात पोचल्या नव्हत्या. 'मुंगळीण' म्हणता येईल का?

अनुस्वार
तसा शब्द माझ्या वाचनात नाही.

कातळ
ओंबील बाईच आहे. ती ओंबील.