एडिंबरा किल्ला: गुडघेदुखीवाल्यांना झेपेल का, की स्टर्लिंग बरा?

चिऊचं_घर: जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एडिंबऱ्यात दीड दिवस आहे: शनिवार सकाळी साडेअकरापासून रविवार रात्रीपर्यंत. सोबत सत्तरीपुढचे सासू-सासरे. सासऱ्यांना चढ झेपतो, पायऱ्या नाही. एडिंबरा किल्ला करावा की स्टर्लिंग? तिकीट तिथे गेल्यावर मिळतं का? रविवारी जायचा बेत आहे आणि किल्ल्यावरून दुपारी एकला उडवतात ती तोफ बघायचीच आहे.

कडेकपारी: तिकीट आधीच ऑनलाइन काढा. प्रवेशाची वेळ तिकिटावर ठरलेली असते, उन्हाळ्यात स्लॉट भरून जातात आणि खिडकीवर दरही जास्त पडतो. 9:30 चा पहिला स्लॉट घ्या. बहुतेक लोक दरवाजापासून एकेक पाटी वाचत चढतात आणि राजमुकुटाच्या रांगेत सगळे एकदम येऊन थडकतात. तुम्ही उलटं करा. आधी थेट माथ्यावर, क्राऊन स्क्वेअरला. मुकुट, राजदंड, तलवार बघा (फोटो काढू देत नाहीत). तिथेच राजवाड्यात 1566 साली स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स जन्मला ती खोली आहे, जेमतेम आपल्या कोठीच्या खोलीएवढी. मग बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेट चॅपल आणि बाहेरची मॉन्स मेग तोफ बघत खाली या. ही तोफ साधारण दीडशे किलोचा दगडी गोळा फेकायची, 1680 च्या सुमारास तिची नळी फुटली.

स्टोन ऑफ डेस्टिनी (स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड) शोधत बसू नका, मार्च 2024 पासून तो पर्थच्या संग्रहालयात आहे.

सासऱ्यांसाठी: दुसऱ्या दरवाजातून आत शिरलं की डावीकडे लँग स्टेअर्स, 70 पायऱ्या. तिकडे वळूच नका. समोरचा फरसबंदी रस्ता वळसा घेत माथ्यावर जातो. दगड गुळगुळीत झालेत, पावसात सरकतात, आणि गुडघ्याला त्रास होतो तो उतरताना. रबरी तळव्याचे बूट आणि काठी हवीच. छत्री नको, वाऱ्यात उलटते. चालायला त्रास असलेल्यांसाठी वर नेणारी गाडी असते, पण ऑगस्टच्या टॅटूसाठी (लष्करी बँडचा जाहीर कार्यक्रम) जुलैतच समोरच्या पटांगणात प्रेक्षकांची स्टँड्स उभी राहतात, म्हणून त्या दिवशी गाडी आहे का ते आधी विचारून घ्या. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत आणि ठेवायची सोयही नाही. त्या वेव्हर्ली स्थानकात ठेवा.

दुपारचा_एक: रविवारी तोफ उडत नाही! गुड फ्रायडे आणि नाताळलाही नाही. शनिवारीच बघा, आणि त्यासाठी किल्ल्याचं तिकीटही नको. खाली प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत पाऊण वाजता बाकावर बसा, नजर वरच्या तटावर ठेवा. धूर आधी दिसतो, आवाज क्षणभराने येतो.

तोफ गंमत म्हणून सुरू झालेली नाही. बंदरातली जहाजं घड्याळं लावायला कॅल्टन हिल टेकडीवरचा टाइम बॉल, म्हणजे ठरल्या वेळी खाली पडणारा गोळा, बघायची. धुक्यात तो दिसेना, म्हणून 1861 पासून तोफ. आवाज पोचायला लागणारा वेळ धरता यावा म्हणून, कुठल्या भागात किती सेकंद वजा करायचे त्याचा नकाशाही तेव्हा छापला होता.

राजगडी: किल्ला म्हणून मला स्टर्लिंग उजवा वाटतो. पाचव्या जेम्सचा राजवाडा रंगवलेल्या छतांसकट पुन्हा सजवलाय, ग्रेट हॉल बाहेरून हळदीसारखा पिवळा, आणि गर्दी कमी. वेव्हर्लीहून ट्रेनने साधारण पाऊण-एक तास. पण स्थानकापासून किल्ल्यापर्यंत सगळा चढ आहे, टॅक्सी करा. दीड दिवसात दोन्ही करू नका, सासऱ्यांचे पाय दुसऱ्या दिवशी बोलतील.

एडिंबऱ्याला गेलात तर दरवाजाबाहेरच्या पटांगणातलं 78व्या हायलँडर्सचं स्मारक चुकवू नका. ते 1857-58 च्या लढायांत मेलेल्यांचं आहे, पण त्यावर हत्ती दिसेल. तो हत्ती या पलटणीला 1803 च्या असईच्या लढाईबद्दल मानचिन्ह म्हणून मिळाला. आपल्या जालना जिल्ह्यातली असई, समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले. स्टँड्समुळे झाकलं गेलं असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा.

चिऊचं_घर: मग शनिवारी बागेतून तोफ, रविवारी 9:30 ला किल्ला. स्टर्लिंग पुढच्या खेपेला. एकच राहिलं: खाली यायला किती वाजतील?

कडेकपारी: अडीच-तीन तास धरा. साडेबारापर्यंत खाली याल.