धायरीच्या प्लॉटचं क्षेत्रफळ: कर्ण मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

धायरीच्या प्लॉटच्या चारही बाजू टेपने मोजल्या, आता क्षेत्रफळ किती, असं वर विचारलंय. त्यावर एकांनी समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायला सांगितलंय. कृपया तसं करू नका. ती रीत फक्त आयतालाच बरोबर बसते, इतर प्रत्येक चौकोनात उत्तर जास्तच येतं.

समजा, बाजू क्रमाने २५, ३९, ६० आणि ५२ फूट आहेत. परिमिती १७६ फूट, त्यात वाद नाही. सरासरीच्या रीतीने क्षेत्रफळ येतं १९३३.७५ चौ. फूट. आता २५ आणि ३९ या बाजूंची मोकळी टोकं जोडणारा कर्ण मोजा. तो ५६ निघाला, तर हेरॉनच्या सूत्राने (ते त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ देतं) दोन त्रिकोण ४२० आणि १३४४, म्हणजे एकूण १७६४ चौ. फूट. तोच कर्ण ४० निघाला, तर ४६८ आणि १०२५, एकूण १४९३! बाजू त्याच, परिमिती तीच.

ब्रह्मगुप्ताचं सूत्र (इ.स. ६२८) चार बाजूंवरून थेट १७६४ देतं, पण ते चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतील तरच लागू पडतं. नुसत्या बाजूंवरून चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त चक्क पिशाच म्हटलंय!

एक गुंठा म्हणजे १०८९ चौ. फूट, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. जमल्यास दुसरा कर्णही मोजा, त्यावरून आलेलं उत्तर जुळलं नाही तर टेप कुठेतरी ढिली पडली होती.