मदत हवी आहे : रंगमंचावर धूर हवा, पण स्मोक डिटेक्टर झाकायचा नाही (ठाणे)

नमस्कार मंडळी,

आमची ठाण्यातली हौशी नाट्यसंस्था आहे. एका स्पर्धेसाठी जी एकांकिका बसवतोय तिच्यात चाळीतल्या खोलीला आग लागते. ज्वाळा दाखवायच्या नाहीत, फक्त धूर : दाराच्या फटीतून आत शिरणारा, हळूहळू कमरेपर्यंत चढणारा आणि शेवटी माणसं दिसेनाशी करणारा. प्रसंग काही मिनिटांचाच, पण सगळी एकांकिका त्यावर उभी आहे. तांत्रिक बाजू माझ्याकडे आहे.

सभागृह लहान आहे, एसी आहे, फॉल्स सीलिंग फार उंच नाही. तिथल्या रंगीत तालमीला डेकोरेटरकडून फॉग मशीन आणलं होतं, लग्नात नवरानवरीच्या एन्ट्रीला वापरतात तसलंच. विंगेतून सोडलेला धूर आधी छान पसरला. मग वर चढायला लागला आणि एसीची हवा परत खेचणारी जाळी आहे, तिकडे ओढला गेला. डिटेक्टर त्या जाळीपासून हातभरच लांब. त्याचा लाल दिवा एरवी अधूनमधून लुकलुकतो, तो लुकलुकायचा थांबला आणि सलग पेटला. पाठोपाठ हूटर. थोड्या वेळाने एसीही आपोआप बंद पडला.

तिथल्या व्यवस्थापकांचं म्हणणं, प्रयोगापुरती डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधू, सगळे तसंच करतात. मला हे पटत नाही. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली, त्यातली बहुतेक धुराने गुदमरून. आग खाली ट्रान्सफॉर्मरला लागली होती, माणसं मात्र वर प्रेक्षागृहात अडकली. आमच्या प्रयोगात तर आम्ही मुद्दामच धूर करणार. खरा धूर झाला तर प्रेक्षकांना तो नाटकातलाच वाटेल, आणि तो ओळखणारं एकमेव यंत्र पिशवीत असेल. ही जबाबदारी मी घेऊ शकत नाही.

म्हणून विचारते. नाटकाच्या धुराला फसणार नाही पण खऱ्या आगीला दाद देईल असा डिटेक्टर असतो का? ड्राय आइस वापरला तर प्रश्न सुटेल का? सभागृहाकडे नेमकी काय मागणी करायची आणि कोणाकडे? शिवाय आमच्या एका नटाला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे धुरात काय असतं हेही समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (फायर अलार्मचं काम, महापे)

ताई, पिशवी बांधू दिली नाहीत हे उत्तम केलंत. बरेचदा ती पिशवी काढायचीच राहते आणि आम्हाला पुढच्या तपासणीला डिटेक्टर महिनोनमहिने झाकलेला सापडतो.

तुमच्या वर्णनावरून डिटेक्टर ऑप्टिकल प्रकारचा दिसतो. आत चक्रव्यूहासारखी काळी पोकळी असते : हवा आत येते, बाहेरचा उजेड येत नाही. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि उजेड टिपणारा फोटोडायोड तिच्या समोर नाही, कोनात. हवा स्वच्छ असली की उजेड सरळ निघून जातो. कण शिरले की विखुरतो आणि डायोडवर पडतो. फॉग मशीनचा धूर म्हणजे ग्लायकोल आणि पाण्याचे बारीक थेंब, ते तर उजेड जोरात विखुरतात. त्या यंत्राच्या लेखी तुमचा धूर खराच आहे.

दुसरा प्रकार आयोनायझेशनचा. त्यात अमेरिशियम-२४१ चा कणभर तुकडा हवेत आयन तयार करतो, त्यातून बारीक विद्युतप्रवाह वाहतो आणि धुराचे कण आले की तो घटतो. याच्या जन्माची गोष्ट सांगतात ती अशी : १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर हे भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं उपकरण करू पाहत होते. वायूने काही होईना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली आणि काटा हलला. हा प्रकार फॉगच्या मोठ्या थेंबांना कमी दाद देतो, पण दाट फॉगने तोही वाजतो. नाटकासाठी डिटेक्टर बदलत बसू नका.

उष्णतेवर चालणारा हीट डिटेक्टर मात्र फॉगला अजिबात फसत नाही, कारण तो तापमान बघतो. साधारण ५७ अंश सेल्सिअसला वाजणारे सर्रास मिळतात. अडचण एकच : तो धुमसती आग फार उशिरा ओळखतो. म्हणून स्मोक डिटेक्टरच्या जागी हीट कायमचा बसवा असं मी कधीच म्हणणार नाही. धूर आणि उष्णता दोन्ही बघणारे डिटेक्टरही असतात. काही पॅनलवर (म्हणजे सगळे डिटेक्टर जोडलेला अलार्मचा मुख्य बोर्ड) ते ठरावीक वेळेपुरते फक्त उष्णतेवर ठेवता येतात. तुमच्या सभागृहात ते असले तर निम्मं काम झालं.

आता सभागृहाला एवढंच विचारा : पॅनल अॅड्रेसेबल (प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणारं) आहे की कन्व्हेन्शनल (फक्त डिटेक्टरांचा गट, म्हणजे झोन, ओळखणारं)? अॅड्रेसेबल असेल तर रंगमंचावरचा तेवढा एक डिटेक्टर पॅनलवरून डिसेबल करता येतो, प्रेक्षागृह, ग्रीनरूम, पॅसेज सगळं चालू राहतं. कन्व्हेन्शनल असेल तर अख्खा झोन बंद होईल, मग झोनमध्ये काय काय येतं ते आधी बघा. डिसेबल केलं की पॅनलवर पिवळा दिवा लागतो, म्हणजे विसरायला होत नाही. पिशवीत आणि यात हाच फरक.

हे काम त्यांच्या लायसन्स असलेल्या एजन्सीकडूनच करून घ्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, देणारी एजन्सी त्यांच्याकडे असायलाच हवी. डिसेबल असेपर्यंत एक माणूस विंगेत फक्त आगीवर लक्ष ठेवायला, हाताशी अग्निशामक. त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका, पडदा ओढायचंसुद्धा नाही.

एसी बंद पडला तो बहुतेक डक्टमधल्या डिटेक्टरमुळे. धूर इमारतभर पसरू नये म्हणून तो ब्लोअर बंद करतो. त्याचीही एजन्सीकडे चौकशी करा.

प्रतिसाद (प्रकाशयोजना करतो, डोंबिवली)

वरच्या दादांनी उजेड विखुरण्याचं सांगितलं, आमचा धंदाही त्यावरच चालतो. प्रेक्षकाला धूर दिसतो तो विखुरलेला उजेड. आणि हे थेंब सगळ्यात जास्त उजेड पुढच्या दिशेला विखुरतात. म्हणजे दिवा प्रेक्षकांच्या बाजूने टाकलात तर दाट धूरही फिका दिसेल. तोच दिवा मागून, दाराच्या पलीकडून टाकलात तर अगदी विरळ धूर भिंतीसारखा उभा राहतो. तुम्ही फ्रंट लाइट चालू ठेवून धूर वाढवत गेला असाल असा माझा अंदाज आहे. दारामागे एक पार्कॅन (डब्यासारखा स्टेजचा दिवा), त्यावर अंबर जेल (पिवळट-नारिंगी रंगाचा पारदर्शक कागद), समोरचं सगळं उतरवा. धूर निम्म्याहून कमी लागेल.

ड्राय आइसबद्दल : तो धूर म्हणजे थंडीने वाफेचे झालेले पाण्याचे बारीक थेंब. जमिनीलगत राहतो, त्यामुळे छतावरच्या डिटेक्टरपर्यंत सहसा जात नाही. पण वर चढत नाही म्हणूनच आगीचा वाटत नाही, स्वप्नातला वाटतो. दाराच्या फटीतून शिरण्याच्या पहिल्या क्षणाला चालेल. मात्र एक किलो ड्राय आइसमधून पाचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो खालीच साठतो. जमिनीवर पडून संवाद म्हणणारा नट असेल तर मुळीच वापरू नका. उणे ७८ अंशाचा असतो, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आमचा नायक शेवटी जमिनीवरच पडतो, तेव्हा ड्राय आइस बाद.

पॅनल अॅड्रेसेबल आहे हे आज कळलं. व्यवस्थापक एजन्सीच्या माणसाला बोलवायला तयार झालेत, खर्च आमचा. फ्रंट लाइटचा अंदाजही बरोबर आहे : तालमीत समोरचा जनरल लाइट चालूच होता.

दम्याबद्दल कोणी सांगेल का?

प्रतिसाद

लेबल नसलेलं, कॅनमधून सुटं विकलं जाणारं फॉग फ्लुइड घेऊ नका. प्रॉपिलीन ग्लायकोल किंवा ग्लिसरीन, पाण्यात, असं स्पष्ट लिहिलेलं आणि मशीनच्या कंपनीने सांगितलेलंच घ्या. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या कलाकारांचा २००० साली अभ्यास झाला होता. ग्लायकोल एका घनमीटर हवेत ४० मिलिग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये, अशी शिफारस त्यातून आली. सगळ्यात जास्त प्रमाण मशीनच्या तोंडाशीच असतं, म्हणून दम्याच्या नटाला त्या विंगेतून एन्ट्री देऊ नका. त्याच्या डॉक्टरांना विचारा आणि इनहेलर विंगेत ठेवा. तिकीट खिडकीपाशी आणि प्रयोगाआधीच्या सूचनेत धूर वापरणार असल्याचं सांगा, प्रेक्षकांतही दमेकरी असतात.

धागाकर्ती

एन्ट्री दुसऱ्या विंगेतून घेतो, दिग्दर्शकांनी मान्य केलंय. सूचनेत आणखी एक वाक्य घालणार आहोत : हूटर वाजला तर तो नाटकाचा भाग नाही, उठून बाहेर पडा.

आता फक्त एक राहिलं. डेकोरेटरचं मशीन एकदम भसकन धूर सोडतं, आम्हाला कमीजास्त करता येणारं हवं आहे. ठाणे, कळवा किंवा ऐरोलीकडे असं मशीन भाड्याने कुठे मिळतं हे कोणाला माहीत असेल तर कृपया मला व्यक्तिगत निरोप करा.