इंजिनची कव्हरं चमकवायची आहेत: हाताने घासू की बफ लावू?

अर्धवट_मेकॅनिक

नमस्कार मंडळी. जुन्या मोटारसायकलचं इंजिन उघडलंय. आतलं काम मेकॅनिक बघतोय, बाहेरची कव्हरं मात्र मीच चमकवून देणार असं सांगून बसलोय. क्लच कव्हर, मॅग्नेटचं कव्हर आणि दोन छोटी झाकणं, सगळं ओतीव अ‍ॅल्युमिनियम. मूळ लॅकर पिवळा पडलाय, काही ठिकाणी पापुद्रे सुटलेत आणि त्याखाली पांढरे डाग आहेत. क्लच कव्हरच्या खालच्या अंगाला गाडी आडवी झाल्याची खरवड आहे, नख अडकेल इतकी खोल.

एका छोट्या झाकणाचा लॅकर काढून हँड ड्रिलवर कापडी बफ (पॉलिशचं गोल कापडी चाक) फिरवून बघितला. सावलीत झकास दिसतं. उन्हात धरलं की बारीक रेघाच रेघा, वर करडा धूसर थर. रॉकेलने पुसला की जातो, बफ लावला की परत हजर.

हँड ड्रिल आणि अँगल ग्राइंडर आहे, बेंच ग्राइंडर मिळेल. हाताने किती करायचं आणि मशीनवर किती? आणि हा करडा थर कशाचा?

टॉर्क_तात्या

एवढं काय त्यात? अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावा, खरवड उडवा, मग त्याच ग्राइंडरला कापडी बफ. तासाभरात काम खलास. हाताने घासत बसलात तर खांदे जातील.

बफखाता

तात्या, खांद्यांचं खरं आहे. बाकीच्याला माझे हात जोडलेले!

अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतो. त्यावर १०० मिलिमीटरचा बफ चढवला तर कापडाची कड सेकंदाला ५७ मीटरच्या आसपास पळते. बफवर कमाल फेरे छापलेले असतात, ते आधी वाचा. या वेगात कापड अ‍ॅल्युमिनियमला तापवतं आणि ओढत नेतं. कडा गोल होतात, सपाट जागी खळगा पडतो, आणि खळगा भरायला माल कुठून आणणार? १५० मिलिमीटरचा बफ २,८०० फेऱ्यांच्या बेंच मशीनवर सेकंदाला २२ मीटर देतो. कव्हराला तेवढा पुष्कळ झाला.

आता अर्धवटराव, तुमच्या रेघा. माझी सगळी नोकरी पॉलिश खात्यात गेली, म्हणून ठासून सांगतो: चमक घासायच्या पेपरवर तयार होते, बफ ती नुसती दाखवतो. आमच्याकडे नवा पोरगा आला की त्याला मशीनला हात लावू देत नसत. वॉटर पेपर, रबराचा ठोकळा आणि पाण्याची बादली, बस्स. पोरं वैतागायची, पण त्यातूनच हात तयार व्हायचा.

मोठ्या कव्हरांचा लॅकरही पूर्ण उतरवा. पेंट रिमूव्हर लावा, थांबा, लाकडी पट्टीने ओढा. राहिलेल्या लॅकरवर पेपर मारलात तर तो चोंदून फुकट जातो. लोखंडी तारेचा ब्रश अजिबात नको, त्याचे कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथेच डाग धरतात.

खरवड बारीक कानशीने काढा. कानशीला आधी खडू फासा, म्हणजे दात्यांत अ‍ॅल्युमिनियमचा कीस अडकून नवे ओरखडे उठत नाहीत. फक्त जखमेवर घासू नका, आजूबाजूची ऐसपैस जागा धरून उतार जुळवा, नाहीतर चमक आली की तिथे खोलगट भाग उठून दिसेल. तळ दिसला की थांबा. डायकास्टची (साच्यात दाबाने ओतलेल्या धातूची) वरची कातडी घट्ट असते, आत जाल तशी बारीक भोकं उघडी पडायला लागतात, मग कितीही घासा.

मग पेपर, नंबर वाढेल तसा दाणा बारीक. २४०, ४००, ६००, ८००, १०००. मऊ कापडाचा बफ असेल तर १५०० सुद्धा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची: २४० उभा मारला तर ४०० आडवा, ६०० पुन्हा उभा. ४०० चं काम संपलं कधी? २४० ची एकही उभी रेघ उरली नाही तेव्हा. गोलाईला रबरी नळीचा तुकडा पेपरात गुंडाळा. नुसत्या बोटांनी दाबाल तर बोटांच्या रुंदीच्या नाल्या पडतील.

इथे जवळजवळ सगळे फसतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. ओलं कव्हर कायम छान दिसतं, कारण रेघांत पाणी भरलेलं असतं. पुसून, कोरडं करून, दिवा बाजूने तिरका धरून बघा. ६०० ला पृष्ठभाग सगळीकडे सारखा करडा, मखमली दिसला पाहिजे. त्यात एखादी पांढरी रेघ चकाकली तर ती मागच्या नंबरची. पुढे जाऊ नका, मागे या. आणि नंबर बदलला की पाणी बदला, हात धुवा, ठोकळा धुवा. २४० चा एक दाणा १००० च्या पाण्यात राहिला तर तो अख्ख्या कव्हरावर सही करून जातो.

एवढं झालं की बफचं काम थोडंच उरतं. शिलाई मारलेला घट्ट कापडी बफ आणि तपकिरी ट्रिपोलीची पॉलिशची वडी रेघा कापण्यासाठी, मोकळ्या कापडाचा बफ आणि पांढरी वडी झळाळीसाठी. एका बफला एकच वडी, आयुष्यभर. हिरवी वडी स्टेनलेससाठी ठेवा.

तुमचा करडा थर म्हणजे वडीतलं मेण-चरबी आणि त्यात मिसळलेला अ‍ॅल्युमिनियमचा काळा मळ. बफ भरलाय, वडी जास्त लागतेय आणि ड्रिलचा वेगही कमी पडतोय: ७५ मिलिमीटरचा बफ २,५०० फेऱ्यांना सेकंदाला जेमतेम १० मीटर देतो. फिरत्या बफला जुन्या हॅकसॉ ब्लेडचे दाते हलके लावून मळ खरवडून काढा. वडी टेकवायची, दाबायची नाही. शेवटी खडूची वस्त्रगाळ पूड सुती कापडावर घेऊन पुसा, चिकटपणा जातो.

मशीनवर कव्हर बफच्या मध्याच्या खाली धरायचं, आणि बफ कडेवरून बाहेर निघून जायला हवा. कड बफच्या तोंडावर आली तर तो कव्हर हिसकावतो आणि सरळ पायावर आपटतो. सैल हातमोजे, सैल बाह्या नकोत. गॉगल आणि मास्क हवेतच. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता त्यावरच अ‍ॅल्युमिनियमचा बफ लावू नका: साचलेली अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि वर लोखंडाची ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण.

अर्धवट_मेकॅनिक

काका, थर कसला ते कळलं. वडी दाबूनच लावत होतो. आता चार शंका. क्लच कव्हरवर उठावाची अक्षरं आहेत, त्यांच्या कोपऱ्यांत काय करू? मॅग्नेटचं कव्हर इंजिनला परत चढवून जागेवरच घासलं तर पकडायला सोपं पडेल का? आणि शेवटी लॅकर मारू का? तसंच, हेड उघडंच आहे तर पोर्टही (हवा-पेट्रोल आत आणि धूर बाहेर जायच्या वाटा) आरशासारखे करून घेऊ?

पोर्ट_फ्लो

पोर्टचं मी सांगतो. एक्झॉस्ट पोर्ट गुळगुळीत केला तर काजळी कमी धरते, तिथे हरकत नाही. इनटेक पोर्ट मात्र कार्ब्युरेटरच्या गाडीत आरसा करू नका. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब एकत्र येऊन ओघळतात. ८० किंवा १२० च्या फ्लॅप व्हीलची थोडी खडबडीत फिनिश तिथे बरी. व्हॉल्व्हची सीट आणि गाइड यांना डाय ग्राइंडरचं टोक लागता कामा नये. आणि दाट दात्यांचा स्टीलसाठीचा बर (डाय ग्राइंडरचं कापणारं टोक) घेऊ नका, अ‍ॅल्युमिनियम त्यात भरून बसतं. मोकळ्या, खोल दात्यांचा घ्या.

आणखी एक. काही जुन्या इंजिनांची कव्हरं मॅग्नेशियमची असतात. वजनावरून शंका येते: घन सेंटिमीटरला मॅग्नेशियम १.७४ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियम २.७. आतल्या बाजूला व्हिनेगरचा थेंब टाका, लगेच फसफसलं तर सावध व्हा. ती भुकटी पेटली तर पाण्याने विझत नाही, उलट भडकते. ते काम सोडून द्या.

बफखाता

पोर्टचं बरोबर सांगितलंत.

कव्हर इंजिनवर चढवून घासायचं नाही. वॉटर पेपरचे काळे दाणे सिलिकॉन कार्बाइडचे असतात, ते एकदा तेलात गेले की बेअरिंगचं वाटोळं. कव्हर सुटंच हवं, जुनी ऑइल सील काढलेली, तेलाची भोकं बुचांनी बंद केलेली. काही इंजिनांत क्लच कव्हरमधूनच क्रँकला तेल जातं, तिथे तर डोळ्यांत तेल घालून बघा. पकडायला लाकडी फळीवर कव्हराच्या बोल्टच्या भोकांतून स्क्रू मारा. गॅस्केट बसते ती बाजू फळीकडे गेली की आपोआप वाचते. त्या बाजूवर पेपर फिरवायचा नाही, एक दबलेली जागासुद्धा तेल गाळते.

अक्षरांचा माथा ठोकळ्यावरच्या पेपरने सपाट घासा. बफने केलात तर अक्षरं विरघळल्यासारखी दिसतात. मधल्या जागेसाठी बांबूच्या काडीचं टोक छिन्नीसारखं तासून त्यावर पेपराची चिमटी गुंडाळा. तिथे आरसा येणार नाही आणि यायलाही नको, करड्या पार्श्वभूमीवर अक्षर चांगलं उठतं. कोपऱ्यात वडी अडकली तर रॉकेल आणि जुना टूथब्रश.

लॅकर मला पसंत नाही. आरशावर त्याला पकड मिळत नाही, आणि इंजिनच्या उष्णतेने पुन्हा पिवळा पडून सुटला की सगळं पहिल्यापासून. मेण लावा, मंद झालं की पांढऱ्या पॉलिशने हाताने पुसून परत लावा. गाडी पावसात उभी राहणार असेल तर हे वारंवार करावं लागेल, त्याला इलाज नाही. क्रोम समजून बसू नका: डायकास्टच्या मिश्रधातूत सिलिकॉन बरंच असतं, त्यामुळे झळाळीत एक करडी छटा राहतेच.

बसवण्याआधी गरम साबणाच्या पाण्यात बाटलीच्या ब्रशने प्रत्येक भोक धुवा, हवा मारा, मग भोकात पांढरा चिंधा फिरवा. चिंधा काळा निघाला तर पुन्हा धुवा. नवी सील आणि नवं गॅस्केट त्यानंतर.