मदत हवी आहे: जांभळ्या वेलीला वरून टक्कल पडलंय, साक्षगंधाला २२ दिवस उरले

निळी_चिमणी:
तातडीने मदत हवी आहे. माझ्याकडे ती जांभळी लोंबणारी वेल आहे. पावसाळ्यात आजीकडून फांद्या आणून लावली, दिवाळीपर्यंत कुंडी गच्च भरली होती. आता वरून टक्कल पडलंय. खाली दोन-दोन फुटांच्या नुसत्या दोऱ्या आणि टोकाला चार पानं. नवीन पानं तर फिक्कट हिरवीच येऊन राहिली. पाणी बरोबर देते, खतही दिलं. अक्षय तृतीयेला भावाचं साक्षगंध घरीच आहे आणि फोटो त्याच भिंतीसमोर काढायचे ठरलेत. कृपया 'नवीन घ्या' असं सांगू नका. आजी आता नाही.

गच्चीबाग:
ताई, जांभळी म्हणजे कोणती? पानावर दोन चंदेरी पट्टे आणि पान उलटलं की जांभळं, ती? की बंगल्यांच्या कंपाउंडला असते ती, लांब पानांची, आख्खी गडद जांभळी? खिडकी कोणत्या दिशेला? कुंडीला खाली भोक आहे का? आणि पाणी बरोबर म्हणजे किती?

डिव्हायडरची_हिरवळ:
उन्हात ठेवा, बस. माझी नागपूरच्या उन्हात दिवसभर असते आणि वांग्यासारखी जांभळी आहे. घरात ठेवली की हिरवी पडणारच. ऊन मिळालं की आठ दिवसांत रंग परत.

निळी_चिमणी:
चंदेरी पट्टेवाली आहे. नर्सरीवाला वांडरिंग ज्यू म्हणाला होता. पाणी रोज सकाळी एक कप. आणि उन्हाचं सांगू नका, मध्ये तीन दिवस बाल्कनीत ठेवली तर पानं कागदासारखी जळाली.

गच्चीबाग:
@डिव्हायडर, तुमची पर्पल हार्ट, ट्रेडेस्कॅन्शिया पॅलिडा. ती ऊन खाते. यांची झेब्रिना. घराणं एकच, पण हिला भरपूर उजेड हवा आणि दुपारचं ऊन नको. ताई, बाल्कनी पश्चिमेची असणार. एप्रिलमध्ये तिथे तीन दिवसही जास्त झाले.

डिव्हायडरची_हिरवळ:
सवय लावली तर झेब्रिनाही ऊन घेते, माझ्या बहिणीकडे आहे. पण एकदम सावलीतून पश्चिमेला काढली असेल तर जळणारच, ते मान्य.

तुळशीवृंदावन:
जांभळी वेल बैठकीत बरी नव्हे. आग्नेयेला मनी प्लांट लावा, घरात शुभकार्य आहे म्हणता.

पुणेरी_कुंडी:
नावाबद्दल एक विनंती. वांडरिंग ज्यू हे नाव बऱ्याच ठिकाणी सोडून दिलंय, कारण ते एका समाजाला टोचणाऱ्या जुन्या कथेवरून आलंय. इंच प्लांट म्हणा. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची आहे. बाकी पूर्वेच्या खिडकीत ठेवा, माझी कोथरूडमध्ये तशीच आहे आणि उत्तम आहे. तुमच्या खिडकीतून उजेड येतो ना?

निळी_चिमणी:
खिडकी पूर्वेचीच आहे. वेल तिच्या बाजूच्या फळीवर आहे, छतापासून फूटभर खाली. पण आता खिडकीत कूलर आहे नं.

माती_आणि_मी:
कूलर! हे आधी सांगायचं नं ताई. होळी झाली की लावला असेल?

निळी_चिमणी:
हो, होळीच्या दुसऱ्या दिवशी. सगळ्यांकडे तेव्हाच लागतो, म्हणून वेगळं सांगितलं नाही.

पुणेरी_कुंडी:
कूलरमुळे दमट हवा मिळते, म्हणजे झाडाला चांगलंच की. कळलं नाही.

माती_आणि_मी:
दादा, इथे नागपुरात कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर बसतो आणि आख्खी चौकट झाकतो. उरलेल्या फटींत पुठ्ठा. मार्च ते जून ती खोली दिवसाही अंधारी असते. ताईंच्या वेलीला महिनाभर उजेडच नाही. उजेड कमी झाला की दोन पेरांतलं अंतर वाढतं आणि रंग फिका पडतो. त्यात फळी छताजवळ, म्हणजे जो काही उजेड येतो तो खाली लोंबणाऱ्या टोकांना. कुंडीच्या वरच्या भागाला काहीच नाही, म्हणून टक्कल. शिवाय जुनी फांदी बुडाकडून पानं टाकतेच, तिचा स्वभाव आहे तो. अधूनमधून छाटून त्याच कुंडीत लावत राहावं लागतं.
कूलरचा झोत थेट लागतो का? आणि भोकाचं उत्तर अजून आलं नाही.

निळी_चिमणी:
झोत नाही लागत. कुंडी सिरॅमिकची आहे, भोक नाही. माती अंगणातली.

काळी_माती:
म्हणजे आपली काळी माती. ही पाणी पिऊन फुगते आणि वाळली की दगड होते. शेतात सोनं, पण बिनभोकाच्या कुंडीत रोज एक कप म्हणजे मुळं कुजणार. आता माती बदला: एक भाग बागेची माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग कन्हान नदीची जाड रेती. मूठभर गांडूळखत, बस. साध्या प्लास्टिकच्या भोकवाल्या कुंडीत लावा आणि ती सिरॅमिकच्या आत ठेवा. वरची बोटभर माती वाळली की मगच पाणी, आणि आत साचलेलं ओतून द्यायचं.

डिव्हायडरची_हिरवळ:
मी तर कूलरचं उरलेलं पाणी घालतो सगळ्या झाडांना. वाया काहून घालवायचं?

काळी_माती:
नको. कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात. बोअरचं असेल तर विचारूच नका, जाळीवर पांढरा थर चढतो तो पाहा नं. तेच मुळांना जातं, पानांच्या कडा करपतात.

धरमपेठची_सून:
आमच्याकडे २०१३ च्या मे महिन्यात, पारा ४७.९ ला गेला होता तेव्हा, कूलर बंद पडला आणि घरातली सगळी झाडं दोन दिवसांत गेली. फक्त हीच वेल जगली, न्हाणीघराच्या झरोक्यात होती. चिवट आहे, काळजी करू नका. संत्र्याचं रोप कुंडीत येतं का हो?

गच्चीबाग:
संत्र्याचा वेगळा धागा काढा ताई.
@निळी_चिमणी, २२ दिवसांत काय होईल ते सांगतो. दोऱ्यांची टोकं चार-चार इंच कापा, खालची पानं काढा आणि आठ-दहा काड्या थेट टकलावर खोचा. पेराला मुळं फुटतात, या दिवसांत आठवडाभरात पकडेल. उरलेल्या दोऱ्यांपैकी तीन-चार कुंडीतच गोल फिरवून केसांच्या पिनांनी मातीला टेकवा. प्रत्येक पेरातून नवीन फुटवा येतो. बाकीच्या लोंबू द्या, फोटोत त्याच दिसतील.
उजेडासाठी २० वॅटचा साधा पांढरा एलईडी वर एक फुटावर लावा, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. चंदेरी रंग नवीन पानांतच येईल, जुनं फिकं पान गडद होत नाही. आणि पूर्ण हिरवीच राहिलेली फांदी दिसली तर ती बुडापासून काढा, नाहीतर तीच जोर धरते.

माती_आणि_मी:
फळी दीड फूट खाली घ्या. समोर उभे राहणाऱ्यांच्या खांद्यापर्यंत वेल आली की फोटो भरतो. कुंडी आठवड्याला पाव फिरवा, नाहीतर एकाच बाजूला झुकते. पानांच्या मागे बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी ही कीड आहे, नळाखाली पानं उलटी करून धुवा. घरात मांजर असेल तर तिच्या तोंडाला लागू देऊ नका, आणि तुम्हीही हातमोजे घाला. चीक लागला की काहींना खाज सुटते.

निळी_चिमणी:
आईच्या हातांना खाज का येत होती ते आता कळलं. तीच वाळकी पानं काढायची. एलईडी आजच आणते, कुंडी भाऊ आणेल. कात्री घेऊन उभी आहे. पेराच्या वर कापू की खाली? आजीच्या वेलीची एकही फांदी वाया जायला नको.

गच्चीबाग:
काडी म्हणून घेणार त्या टोकाला पेराच्या अगदी खाली, मुळं तिथूनच फुटतात. जी फांदी कुंडीत राहणार तिच्यावर पेराच्या जरा वर. आणि दोन काड्या पाण्याच्या ग्लासात वेगळ्या ठेवा, कुंडीचं काही झालं तरी आजीची वेल राहील.